खापर, खापरपणतू आणि ३८० डॉलरचं बोळकं

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सान इल्डेफोन्सो पुएब्लोतल्या (पुएब्लो म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, नेटिव्ह लोकांचं गाव) एका कुंभारीण आजींच्या घरून मी मार्चमध्ये एक काळं बोळकं घेतलं. चार इंच उंच, तोंडातून जेमतेम तीन बोटं आत जातील एवढं, खांद्यावरून गोल फिरणारी पिसांची नक्षी. किंमत ३८० डॉलर. घरात या किमतीवरून बरंच बोलणं झालं. ओळखीच्या दोघीतिघींनीही विचारलं, "मातीच्या भांड्याला एवढे पैसे?" सगळ्यांना एकदाच नीट उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसले आहे. लांबेल, कारण या बोळक्याच्या मागे बरीच माणसं उभी आहेत.

आधी फसले ती गोष्ट. आम्ही नऊ वर्षं याच राज्यातल्या आल्बुकर्की शहरात राहतो आणि पाहुणे आले की त्यांना सांता फेला नेणं ठरलेलंच. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका फेरीत मुख्य चौकाजवळच्या एका दुकानातून मी एक काळं, नागमोडी नक्षीचं भांडं १६० डॉलरला घेतलं. विकणाऱ्याने सांगितलं, नेटिव्ह कलाकाराने हाताने रंगवलंय. ते खरंच होतं, रंगवलेलं हातानेच होतं. पण भांडं साच्यात ओतून काढलेलं होतं. मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सिरॅमिकच्या क्लासला जाणाऱ्या एका मैत्रिणीने आत टॉर्च मारला आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक शीर मला दाखवली. भिंतीची जाडीही सगळीकडे तंतोतंत सारखी. हाताने वळ्या रचून उभारलेलं भांडं असं नसतं. बोटांच्या चिमटीत धरून कडेने फिरत गेलं की कुठे केसभर जाड, कुठे पातळ लागतंच.

अमेरिकेत १९९० चा कायदा आहे. नेटिव्ह माणसाने न घडवलेली वस्तू नेटिव्ह म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या बाबतीत मात्र शब्द मोजूनमापून वापरलेले होते. तेव्हापासून भांडं हातात घेण्याआधी मी विचारते: माती कुठली, घडवलं कसं, भाजलं कशात. खऱ्या कुंभारणीला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तिचा चेहरा उजळतो.

सांता फेतच घ्यायचं असेल तर पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या लांबलचक ओसरीत बसणाऱ्या विक्रेत्यांकडे जावं. ही इमारत १६१० च्या सुमाराची. भिंतीला पाठ लावून, समोर कापड अंथरून नेटिव्ह कारागीर बसलेले असतात. तिथे बसायचे नियम कडक आहेत. माल स्वतःचा किंवा घरातल्या माणसाने केलेला हवा, वस्तूवर खूण हवी. मी त्या ओसरीतूनही दोन छोट्या वस्तू घेतल्या आहेत आणि अनुभव चांगला आहे. पण मला भांडं जिथे घडतं तिथे जायचं होतं.

सान इल्डेफोन्सो सांता फेच्या वायव्येला, गाडीने अर्ध्या तासावर. पोहोआकेहून लॉस अलामोसच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला एक काळा, सपाट माथ्याचा डोंगर दिसायला लागतो. तो गावाला पवित्र आहे, त्यावर चढायला मनाई. तेवा भाषेत गावाचं नाव पो-वो-गे-ओवीन्गे, म्हणजे पाणी जिथून कापत जातं ती जागा. रिओ ग्रांदे जवळूनच वाहते. आधी व्हिजिटर सेंटरला थांबायचं, प्रवेशाचे पैसे भरायचे, फोटो काढायचे तर वेगळा परवाना घ्यायचा. किव्हाजवळ, म्हणजे धार्मिक विधींच्या खोलीजवळ, जायचं नाही, कुणाच्या अंगणात शिरायचं नाही. हे लोकांचं राहतं गाव आहे, त्यामुळे मला हे नियम जाचक वाटले नाहीत. काही दिवस धार्मिक कामासाठी गाव बाहेरच्यांना बंद असतं, म्हणून निघण्याआधी फोन करावाच. माझी पहिली फेरी अशीच फुकट गेली.

दुकान म्हणजे आजींच्या घराची पुढची खोली. दारावर हाताने लिहिलेली पाटी, 'मातीची भांडी मिळतील'. आत एक टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर नऊ भांडी. मी मोजली. बस, एवढीच. दुकान म्हटल्यावर शेल्फांच्या रांगा मनात असतात, त्यामुळे पहिल्या क्षणी जरा हिरमोड झाला. मग एकेक भांडं हातात घ्यायला सुरुवात केली आणि पाऊण तास कुठे गेला कळलं नाही. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत शांत बसून होत्या. विकायची घाई नाही, पाठपुरावा नाही. मी एक बोळकं कडेला धरून उचललं तेवढ्यात मात्र त्या पटकन म्हणाल्या, "तोंडाला नका धरू, बुडाखाली तळहात ठेवा." दिवसभरात त्या एवढंच काय ते कडक बोलल्या.

भिंतीवर एक जुना फोटो होता. केस कपाळावर सरळ कापलेली, खांद्यावर शाल घेतलेली एक बाई अंगणात भांडं घासत बसलेली. मी ओळखलं. मारिया मार्टिनेझ. आजींना विचारलं, तुमच्या नात्यातल्या का? त्या हसल्या. गाव एवढंसं आहे, इथे कोण कुणाचं नातलग नाही, म्हणाल्या.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. मारियांचा जन्म याच गावात १८८७ च्या सुमारास झाला. तेवा नाव पोवेका, म्हणजे पाण्यातलं कमळ. भांडी करायला त्या गावातल्या थोरल्या बायकांकडे बघून शिकल्या, त्यात निकोलासा नावाच्या बाईंचं नाव आवर्जून घेतलं जातं. तो काळ भांडी सोडून देण्याचा होता. रेल्वेबरोबर पत्र्याची आणि एनॅमलची स्वस्त भांडी आली होती, मग मातीचं कोण घडवणार? १९०४ मध्ये मारियांचं ज्युलियन यांच्याशी लग्न झालं आणि नवरानवरी निघाली ती थेट सेंट लुइसच्या जागतिक मेळ्याला. तिथे लोकांसमोर बसून त्या भांडी करायच्या.

पुढे काही वर्षांनी एडगर ली ह्यूइट नावाच्या पुरातत्त्वज्ञाने जवळच्या पाहारितो पठारावर उत्खनन काढलं. ज्युलियन तिथे खोदकामाला जात. जमिनीतून शेकडो वर्षांपूर्वीची खापरं निघाली. ह्यूइटने त्यातली काही मारियांना दाखवून विचारलं, या तुकड्यावरून पुरं भांडं करता येईल का? मारियांनी माती चाळून चाळून बारीक केली, जुन्या भांड्यांसारखी पातळ भिंत उभी केली आणि ज्युलियननी नक्षी काढली. त्यांचं सगळं काम इथून सुरू झालं, एका खापरापासून.

१९०९ ते १९१२ या काळात दोघं सांता फेला, त्याच पॅलेस ऑफ द गव्हर्नर्समध्ये राहिली. तिथे तेव्हा म्युझियम होतं. ज्युलियन तिथे साफसफाईचं काम करायचे आणि काचेच्या कपाटांतल्या जुन्या भांड्यांवरच्या आकृत्या बारकाईने बघून उतरवून घ्यायचे. आज त्या ओसरीतून चालताना मला हे दरवेळी आठवतं. माझ्या बोळक्यावरची पिसांची नक्षी तीच आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या मिंब्रेस लोकांच्या वाडग्यांवरून ज्युलियननी ती घेतली, आपल्या पद्धतीने बसवली आणि आता ती सगळ्या गावाची झाली आहे.

काळी चकचकीत भांडी या भागात आधीपासून होती. मारिया-ज्युलियननी १९१९ च्या सुमारास नवीन काय केलं, तर चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी. म्हणजे काळ्यावर काळं. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण भांडं खिडकीशी नेऊन हळूहळू फिरवलं की उजेडात नक्षी उगवते आणि मावळते. दिव्याखाली जेमतेम दिसते. दुपारच्या उन्हात मात्र प्रत्येक पीस वेगळं मोजता येतं.

हे होतं कसं, ते आजींनी मला दाखवलं, आणि ३८० डॉलर कशाचे हे मला तिथे कळलं.

माती गावच्याच जमिनीतली. खणण्याआधी मक्याचं पीठ वाहून मातीची परवानगी मागतात. ती वाळवून, चाळून, तिच्यात ज्वालामुखीची बारीक राख मिसळायची, नाहीतर भांडं आगीत तडकतं. चाक नाही. 'पुकी' नावाच्या उथळ ताटलीत बूड थापायचं आणि त्यावर मातीच्या वळ्या रचत भिंत वर न्यायची. भोपळ्याच्या करवंटीच्या तुकड्याने आतून-बाहेरून ओढून ती एकजीव करायची. वाळलं की घासून गुळगुळीत करायचं. इथवरचं काम पुष्कळ जणांना जमतं, असं आजी म्हणाल्या.

मग येते घोटाई. आजींनी मांडीवर टॉवेल घेतला, त्यावर एक वाळलेलं छोटं भांडं. फडक्याने लाल मातीचा पातळ लेप लावला आणि तो पुरता वाळायच्या आत गोट्याने घासायला लागल्या. गोटा नदीतला, तपकिरी, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा. एका बाजूने झिजून सपाट झालेला. त्यांच्या आजीचा. एकाच दिशेने, एकसारख्या दाबाने, ओळीला ओळ लावून. सुरुवातीला ओल्या पाटीवर बोट फिरवल्यासारखा बारीक आवाज येत होता, मग तोही बंद झाला. वीस मिनिटांनी लाल मातीवर मेण लावल्यासारखा ओला उजेड आला. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. वाजून वाजून थांबला. आजींनी मान वर केली नाही. मध्ये थांबलं, लेप सुकला, गोटा जरा खरखरला की सगळं घासून काढून पहिल्यापासून. जोडकाम चालत नाही. चाळीस मिनिटांनी त्यांनी गोटा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि बोटं उघडझाप करत बसल्या. सांध्यांना सूज आहे, दिसत होती.

नक्षी त्यांची सून काढते. युक्का या रानझुडपाच्या पात्यासारख्या पानाचं टोक चावून चावून केलेला कुंचला, मातीचंच पातळ मिश्रण. घोटलेल्या भागावर ते लागलं की तिथली चकाकी मरते आणि भाजल्यावर तेवढा भाग मंद दिसतो.

भाजणी मागच्या अंगणात. मी जागा बघितली, भाजणी नाही. पत्र्याच्या डब्यांवर ठेवलेली लोखंडी जाळी, त्यावर भांडी, खाली जुनिपरची लाकडं, वरून-बाजूंनी पत्रे आणि भोवती गाईच्या शेणाच्या गोवऱ्या. हो, गोवऱ्याच. मी आनंदाने आजींना मराठी शब्द सांगितला आणि त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. आग पुरेशी झाली की तिच्यावर घोड्याच्या वाळलेल्या लिदीचा भुगा ओततात. ज्वाळा दबते, हवा तुटते, धूर आतल्या आत कोंडतो आणि लेपातल्या लोखंडाचा लाल रंग काळा होतो. हेच भांडं उघड्या ज्वाळेत भाजलं तर लालच राहील. काळ्या रंगाची कुठली पुडी नाही, सगळं काम धुराचं. तापमान फार वाढू देता येत नाही, कारण मग घोटाईची चकाकी जाते. म्हणून भांडं कमी भाजलेलं राहतं आणि पाणी धरत नाही. मोजायला यंत्र नाही. धुराचा रंग आणि वारा बघून सगळं ठरतं. पहाटे, वारा पडलेला असताना. दर भाजणीत एखादं तरी जातं, कधी निम्मी जातात. एका आवाजात महिन्याचं काम गेलं हे कळतं, आजी म्हणाल्या.

आता सहीबद्दल, कारण खरेदीच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे आणि मला स्वतःला सगळ्यांत जास्त भिडलेला.

माझ्या बोळक्याच्या बुडाशी दोन नावं आहेत, आजींचं आणि सुनेचं. मी सहज विचारलं, दोघींची का? त्या म्हणाल्या, दोघींनी केलं म्हणून. मारियांच्या भांड्यांवर सुरुवातीला नाव नसे. १९२३ च्या सुमारास त्या 'मारी' अशी सही करायला लागल्या, कारण गोऱ्या गिऱ्हाइकांना ते सोपं जाई. मग 'मारी आणि ज्युलियन'. १९४३ मध्ये ज्युलियन गेले. नक्षी थोरला मुलगा ॲडम याची बायको सांताना काढायला लागली, तेव्हा बुडाशी आलं 'मारी आणि सांताना'. पुढे १९५६ पासून मुलगा पोपोवी दा बरोबर बसायला लागला आणि नाव झालं 'मारिया-पोपोवी'. नक्षी नसलेल्या, नुसत्या घोटलेल्या भांड्यांवर 'मारिया पोवेका'. संग्राहक या सह्यांवरून भांड्याचा काळ ठरवतात, आणि अस्सल भांडी लिलावात हजारो डॉलरला जातात. या सगळ्यात क्लारा या बहिणीचं नाव फारसं येत नाही. पण कित्येक वर्षं भांडी घोटायचं काम क्लारा करायच्या. चाळीस मिनिटं ते काम समोर बसून बघितल्यावर मला क्लाराबाईंचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आणखी एक. मारियांचं नाव मोठं झाल्यावर त्यांच्या सहीच्या भांड्याला जास्त भाव मिळायला लागला. गावातल्या दुसऱ्या बायका आपली भांडी घेऊन यायच्या, आणि मारिया त्यांच्या भांड्यांवरही आपलं नाव घालून द्यायच्या. बाहेरच्या जाणकारांनी डोक्याला हात लावला. बाजाराच्या नियमाने ते चूक असेल. पण त्यांनी हुन्नरही असाच वाटला. काळ्यावर काळ्याची युक्ती लपवून ठेवता आली असती. त्यांनी ती शिकवली. सबंध गाव मातीकामावर उभं राहिलं. तोनिता रॉयबल, कोरीव नक्षीच्या रोझ गोन्झालेस, रंगीत भांड्यांच्या ब्लू कॉर्न, ही याच गावची मोठी नावं, प्रत्येकीचा हात वेगळा. आजींच्या टेबलावरही दोन कोरीव भांडी होती.

मारिया १९८० मध्ये गेल्या, नव्वदी ओलांडून. त्याच्या दोन वर्षं आधी वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत या घराण्याच्या पाच पिढ्यांचं प्रदर्शन भरलं होतं. पोपोवी दा त्यांच्याआधीच, १९७१ मध्ये गेले. त्यांनी जुनी रंगीत भांडी पुन्हा सुरू केली आणि एकाच भांड्यावर काळा आणि तांबूस असे दोन रंग आणायची भाजणी बसवली. त्यांचा मुलगा टोनी दा भांड्यात निळसर फिरोजा खडे बसवायचा, एवढं रेखीव की दागिनाच. मोटारसायकलच्या अपघातानंतर त्याचं मातीकाम थांबलं आणि तो चित्रांकडे वळला. ॲडम-सांतानाच्या बाजूने पणती बार्बरा गोन्झालेस, तिचा मुलगा कॅवन, दोघंही कुंभार. कॅवन म्हणजे मारियांचा खापरपणतू. हा शब्द लिहिताना मी थांबलेच. खापरावरून काम सुरू झालं, आणि त्याच कामात आज जो आहे त्याच्यासाठी मराठीत शब्दही खापराचाच.

या घराण्याचं काम एका जागी बघायचं तर ताओसच्या मिलिसेंट रॉजर्स म्युझियमला जावं. मी खरेदीच्या आधी गेले होते आणि तोच क्रम ठेवा असं सुचवीन. चांगलं भांडं कसं दिसतं हे डोळ्यांना कळलं की दुकानात गोंधळ होत नाही.

आता तक्रारी. आजींकडे कार्ड चालत नाही, फक्त रोख किंवा चेक. जवळचं एटीएम पोहोआकेला, मला परत जाऊन यावं लागलं. उघडण्याची वेळ नाही. पाटी दारावर आहे म्हणजे विक्री चालू, पाटी काढलेली म्हणजे बंद. वेबसाइट नाही, पार्सलने पाठवत नाहीत, दुकानाचं आणि त्यांचं नाव इथे लिहू नका असंही त्यांनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. बांधून देणं अगदीच साधं, वर्तमानपत्र आणि किराणा मालाची पिशवी. दीड तासाच्या रस्त्यावर मी बोळकं मांडीवर घेऊन बसले, गाडी नवऱ्याने चालवली. जाताना फुगेरी प्लास्टिक आणि जाड खोका घेऊन जा. किमतीत घासाघीस केली नाही, आणि कुणी करू नये असं मनापासून वाटतं. पावती मात्र त्यांनी न मागता दिली: नाव, पुएब्लो, तारीख, माती गावची, हाताने घडवलेलं, अंगणात भाजलेलं. माझे तीनही प्रश्न कागदावर.

सांभाळायचं कसं, तेही सांगून ठेवते. पाणी नको, ताजी फुलं नकोत, ओलं फडकंही नको. पाणी मुरलं की पांढरट डाग येतात आणि लेप सुटतो. अंगठ्या काढून उचला. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा, घासू नका. माझ्या बोळक्याच्या बुडाजवळ नखाएवढा राखाडी ढग आहे, धूर तिथे जरा कमी बसलाय. आजींनी तो विकण्याआधी स्वतः दाखवला आणि वीस डॉलर कमी करते म्हणाल्या. मी नको म्हटलं. आत तोंडाजवळ अंगठा दाबला गेल्याची एक हलकी खळगी आहे, माझा अंगठा तिच्यात बरोब्बर बसतो. पुस्तकांच्या कपाटावर ते ठेवलंय, सकाळी दहाच्या सुमाराला ऊन तिथे येतं. साच्यातलं १६० डॉलरचं भांडंही टाकलेलं नाही. कुणी विचारलं की दोन्ही शेजारी ठेवते आणि डोळे मिटून हात फिरवायला सांगते. आजवर एकाचीही चूक झालेली नाही.

निघताना मी आजींना एक वाडगा सांगून आले, जरा मोठा, अवान्यू नागाच्या नक्षीचा. अवान्यू म्हणजे पावसाळी ओढ्यातून फणफणत येणारा पाण्याचा नाग, ज्युलियनची आवडती नक्षी. आगाऊ पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. आगीतून नीट बाहेर आला तर फोन करीन, तेव्हा पैसे आणा, म्हणाल्या.

मे महिन्यात फोन आला. सून बोलत होती. वाडगा घोटून झाला होता, नाग काढून झाला होता, भाजणीत मधोमध चीर गेली. आजींनी निरोप दिला होता की वारा थांबला की पुन्हा लावू, तुम्हाला घाई असेल तर दुसरीकडे घ्या, राग नाही. मी म्हटलं, थांबते. आणि तो फुटलेला वाडगा ठेवा, टाकू नका, मला बघायचाय. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग सून म्हणाली की आजींनी तो आधीच खिडकीत ठेवलाय.